ब्रसेल्समध्ये गोठलेला वीकेंड

ब्रसेल्सला लोक चॉकलेट खायला जातात. मी भांडायला गेले होते.

म्हणजे पुण्याहून निघताना तसा काही प्लॅन नव्हता. जानेवारी २०२५च्या शेवटच्या आठवड्यात ऑफिसच्या कामासाठी ॲमस्टरडॅमला होते. काम शुक्रवारी दुपारी आटपलं, परतीचं विमान सोमवारी रात्रीचं. हातात अख्खा वीकेंड, पासपोर्टवर शेंगेन व्हिसा आणि ब्रसेल्स ट्रेनने साधारण दोन तासांवर. ऑफिसातले सगळे म्हणाले, ‘अगं, पॅरिसला जा!’ पण मला माहीत होतं की त्याच शनिवार-रविवारी, १ आणि २ फेब्रुवारीला, ब्रसेल्समध्ये फॉसडेम आहे. जगभरच्या ओपन सोर्सवाल्यांची जत्रा. आणि तिथे ती माणसं भेटणार होती ज्यांच्यामुळे भोर तालुक्यातल्या एका शाळेतल्या पोरांची चित्रं उडाली होती. निदान मला दीड वर्ष तसं वाटत होतं.

थांबा, नीट सांगते.

आधी पोरांची चित्रं

दिवसा मी एका आयटी कंपनीत टेस्टिंग करते. रात्री, म्हणजे ज्या रात्री मूड असेल त्या रात्री, ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं मराठीकरण करते. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता येतो, बदलता येतो, वाटता येतो. बटणांवरचे शब्द, मेन्यू, ‘तुम्हाला खात्री आहे का?’ छापाचे प्रश्न, या सगळ्यांना स्ट्रिंग्ज म्हणतात. त्यांची एक यादी येते. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला रिकामी जागा. भरत सुटायचं. पैसे मिळत नाहीत, पण ‘हे मी केलंय’ म्हणून आईला दाखवता येतं.

यात एक गंमत आहे. मूळ इंग्रजी वाक्य बदललं तर जुनं मराठी वाक्य फेकून दिलं जात नाही. तेच नव्या वाक्यासमोर ठेवलं जातं आणि त्यावर ‘फझी’ असा शिक्का बसतो. म्हणजे, ‘बाई गं, हे एकदा डोळ्यांखालून घाल.’ आपण बघायचं, दुरुस्त करायचं आणि शिक्का काढून टाकायचा.

२०२३च्या जानेवारीत लहान मुलांच्या चित्रकलेच्या एका छोट्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघणार होती. आदल्या दिवशी तिथल्या कुणीतरी इंग्रजी वाक्यांवर हात फिरवला. मला मेल आला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. समोर चाळीसेक फझी वाक्यं आणि सकाळी रिलीज! पहिली दहा-बारा बघितली, सगळ्यांत किरकोळ फरक. कुठे स्वल्पविराम, कुठे एखादं कॅपिटल अक्षर. म्हटलं, बाकीची पण अशीच असणार. सगळे शिक्के एका फटक्यात काढले आणि झोपले.

त्यात एक वाक्य तसलं नव्हतं. आधी तो प्रश्न होता, ‘बदल जतन करायचे?’ आता इंग्रजीत विचारत होते, ‘बदल टाकून द्यायचे?’ मराठीत मात्र माझा जुनाच प्रश्न राहिला. म्हणजे बघा, पोराने अर्धा तास बसून बैलगाडी काढली, खिडकी बंद केली, कॉम्प्युटरने विचारलं, ‘बदल जतन करायचे?’ पोराने शहाण्यासारखं ‘हो’ दाबलं... आणि बैलगाडी गेली!

चूक मलाच एप्रिलमध्ये दिसली. पाच मिनिटांत दुरुस्ती केली, पाठवली, मूळ सॉफ्टवेअरमध्ये ती घेतलीही गेली. पण भोरच्या शाळेत जायचं होतं डेबियन. डेबियन म्हणजे हजारो ओपन सोर्स सॉफ्टवेअर एकत्र बांधून, तपासून, एकाच तारखेला बाहेर सोडणारा प्रकल्प. त्यांच्या त्या वेळच्या नव्या आवृत्तीत, तिचं नाव बुकवर्म, ६४ हजारांहून जास्त पॅकेजेस होती. त्यात माझं चित्रकलेचंही होतं, चुकीच्या प्रश्नासकट. कॅलेंडर बघितलं. १२ मार्च २०२३ला त्यांचं हार्ड फ्रीझ लागलं होतं. मी लॅपटॉप बंद केला. गोठलं म्हणजे गोठलं, आता कोण काय करणार?

१० जूनला बुकवर्म निघालं. शाळा उघडल्यावर तिथल्या सरांनी देणगीत आलेल्या सहा जुन्या कॉम्प्युटरांवर ते हौसेने टाकलं. ऑगस्टमध्ये त्यांचा फोन.

‘मॅडम, ‘हो’ म्हटलं की चित्र जातंय. पोरं रडकुंडीला आलीत.’

मी म्हटलं, ‘सर, सध्या त्यांना ‘नाही’ दाबायला सांगा.’

सर एक सेकंद गप्प बसले. मग म्हणाले, ‘जतन करायचं का विचारल्यावर नाही म्हणायचं?’

‘हो.’

प्रत्येक मॉनिटरवर त्यांनी चिठ्ठी चिकटवली. निळ्या स्केचपेनने, ‘नाही दाबा’. मी एकदा जाऊन बघून आले. परत येताना घाटात एक शब्द बोलले नाही.

दोन नावांचं शहर

ब्रसेल्समध्ये उतरल्यावर पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती पाट्या. इथे सगळ्याची दोन नावं. फ्रेंचमध्ये एक आणि डचमध्ये एक. गल्ली असो, चौक असो, स्टेशन असो. ‘गार सांत्राल’च्या खाली ‘सेंट्राल स्टासिऑन’. मेट्रोचं एक स्टेशन फ्रेंचमध्ये ‘आर्ट-ल्वा’ आणि डचमध्ये ‘कुन्स्ट-वेट’. एकाच जागेची नावं, पण नवखा माणूस दोन वेगळी स्टेशनं समजून पुढे जायचा! माझ्यासारख्या भाषांतरवाल्या बाईला हे शहर म्हणजे खाऊचं दुकान. पाटीखाली उभं राहायचं आणि दोन्ही ओळी जुळतात का बघायचं. हॉटेलला पोहोचायला त्यामुळे दुप्पट वेळ लागला.

फॉसडेमची रीत अशी की आदल्या रात्री सगळे ग्रां प्लासजवळच्या एका अरुंद बोळात जमतात. बोळाचं नाव ‘इंपास द ला फिदेलिते’. तिथे डेलिरियम कॅफे आहे. बिअरचे इतके प्रकार की मेन्यूकार्डाऐवजी ग्रंथ हातात येतो. याच बोळात जालीच्या आड एका छोट्या मुलीचा पुतळा आहे, जानेके पिस. सुप्रसिद्ध ‘मानेकें पिस’ पोराची ही बहीण, वयाने खूपच धाकटी, पण गर्दी कमी म्हणून फोटो नीट येतो. बिअर माझा प्रांत नाही. एक चेरीची घेतली, तिथली क्रीक, आणि भिंतीला टेकून कान देऊन उभी राहिले.

आणि काय सांगू... मे महिन्यात आपल्याकडे कुठल्याही घरात शिरलं की ‘लग्न कधी?’ विचारतात ना, तसं तिथे जो तो दुसऱ्याला विचारत होता, ‘तुमचं फ्रीझ कधी?’

ज्यांचा सॉफ्टवेअरशी संबंध फक्त मोबाइलपुरता आहे त्यांच्यासाठी सांगते. कोड फ्रीझ म्हणजे एक तारीख. त्या तारखेनंतर नवीन काही घालायचं नाही, फक्त असलेलं नीट करायचं. रुखवत मांडून झालं की त्यात नवा लाडू ठेवायचा नाही, पडलेला उचलून ठेवायचा. कल्पना सोपी, पाळणं महाकठीण. आपल्या ऑफिसांत फ्रीझ म्हणजे सोसायटीच्या गेटवरची ‘नो पार्किंग’ची पाटी. पाटी आहे, खाली गाड्याही आहेत. शुक्रवारी संध्याकाळी सहाला वरून फोन येतो, ‘छोटासाच चेंज आहे, घेऊन टाक ना.’ झालं, बर्फ वितळलं! तुमचाही अनुभव वेगळा नसणार.

मग इथे, जिथे बहुतेकांना पगार नाही, बॉस नाही, अप्रेझल नाही, तिथे फ्रीझ पाळतं कोण? आणि का?

७१ नंबरची बस

शनिवारी सकाळी सेंट्रल स्टेशनजवळून ७१ नंबरची बस पकडली. पोर्त द नामुर, फ्लाजे करत ती ल्युनिव्हर्सिते लिब्र द ब्रुसेल, म्हणजे युएलबीच्या सोलबॉश कॅम्पसकडे जाते. कुठे उतरायचं हे विचारावं लागलं नाही. बसमध्ये निम्मी माणसं काळ्या जॅकेटातली, पाठीवर सॅक, लॅपटॉपवर स्टिकर्सचा थर. ती उतरली, मी उतरले.

फॉसडेमला तिकीट नाही. रजिस्ट्रेशन नाही. गळ्यात अडकवायला बिल्ला नाही. २००१पासून हे चाललंय. दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर कुणीही यावं, कुठल्याही वर्गात शिरावं. (फक्त २०२१ आणि २०२२ला कोविडमुळे सगळं ऑनलाइन झालं.) ‘शिरावं’ म्हटलं खरं, पण दारावर ‘फुल्ल’ची पाटी लागली की संपलं. जान्सों नावाचं मोठं सभागृह सोडलं तर बाकी साधे कॉलेजचे वर्ग. लाकडी बाकं, खडूचे फळे. आवडीच्या व्याख्यानाला बसायचं तर आधीच्या व्याख्यानापासून जागा धरावी लागते. आपल्याला सवय असतेच म्हणा.

बाहेर फ्रितच्या गाड्या. बेल्जियमचे बटाट्याचे फ्रित दोनदा तळतात, मग वर सॉस. मी ‘आंदालूझ’ घेतला, मेयोनीज आणि टोमॅटोचा, जरासा तिखट. जरासाच. बोटं गोठलेली असताना तो कागदी कोन दोन्ही हातांत धरणं, एवढ्यासाठी तरी फेब्रुवारीत ब्रसेल्सला जावं.

के बिल्डिंगमध्ये स्टॉल्स होते. नुसत्या तारखाच तारखा! लिब्रेऑफिसची २५.२ ही आवृत्ती पुढच्याच गुरुवारी, ६ फेब्रुवारीला यायची होती. त्यांच्याकडे आता आवृत्तीचा आकडाच वर्ष आणि महिना सांगतो. उबुंटू तर २००४पासून तसंच करतं, ४.१० म्हणजे २००४चा ऑक्टोबर. त्यांची फक्त एक आवृत्ती चुकली. ती एप्रिल २००६ची होती, सहा आठवडे लांबून १ जूनला आली आणि तिचं नावच ६.०६ पडलं. उशीर नावातच कोरलेला! ग्नोमचे लोक मार्चच्या तयारीत होते. त्यांची ४८वी आवृत्ती १९ मार्चला निघाली आणि तिचं नाव ‘बंगळुरू’. तिथे २०२४मध्ये ग्नोमचं आशियाई संमेलन झालं होतं, त्याची आठवण म्हणून.

‘बेल वाजवलीस का?’

डेबियनच्या टेबलावर टी-शर्ट विकायला ठेवले होते. मागे एक पन्नाशीचा दाढीवाला माणूस होता. मी टी-शर्टच्या निमित्ताने सुरुवात केली आणि दोन मिनिटांत चित्रं, बैलगाडी, चिठ्ठ्या सगळं त्याच्यासमोर ओतलं. आवाज थोडा चढलाही असेल. माझं म्हणणं सरळ होतं. एका वाक्याची चूक, ती मी दुरुस्त करून दिली होती, तुमचं रिलीज व्हायला तेव्हा दोन महिने बाकी होते. मग एवढं काय गोठवायचं?

त्याने शांतपणे विचारलं, ‘मुलांची चित्रं खरंच गेली?’

‘गेली.’

‘म्हणजे डेटा लॉस. आमच्या नियमात ज्या बगमुळे डेटा जातो तो ‘ग्रेव्ह’. असले बग शिल्लक असतील तर आम्ही रिलीजच अडवतो.’ तो हसत नव्हता. ‘तू बग नोंदवलास?’

‘नाही. फ्रीझ लागलं होतं ना.’

‘अनब्लॉक मागितलंस?’

मी त्याच्याकडे बघत राहिले.

मग त्याने मला स्टॉलच्या मागे स्टुलावर बसवलं आणि गोठवणं म्हणजे काय ते समजावून सांगितलं. डेबियनमध्ये नवीन पॅकेज आधी ‘सिड’मध्ये येतं. डेबियनच्या आवृत्त्यांना टॉय स्टोरी सिनेमातल्या पात्रांची नावं असतात आणि सिड म्हणजे त्यातला खेळणी मोडणारा पोरगा. तिथे काहीही मोडू शकतं. काही दिवस गंभीर तक्रार आली नाही, तर ते पॅकेज आपोआप पुढच्या आवृत्तीच्या खोलीत सरकतं. फ्रीझ म्हणजे या दोन खोल्यांमधलं दार टप्प्याटप्प्याने लोटत नेणं. आधी एकमेकांत गुंतलेले मोठे बदल बंद. मग नवी पॅकेजेस बंद. मग हार्ड फ्रीझ. त्यात महत्त्वाची पॅकेजेस आणि ज्यांची आपोआप चाचणी होत नाही अशी पॅकेजेस हाताने तपासल्याशिवाय पुढे जात नाहीत. शेवटी फुल फ्रीझ, सगळंच हाताने. बुकवर्मच्या वेळी हे टप्पे १२ जानेवारी, १२ फेब्रुवारी, १२ मार्च आणि २४ मे असे होते.

पण दाराला बेल आहे! रिलीज टीमला लिहायचं, हा बदल, एवढ्याच ओळी, हे कारण, कृपया सोडा. ती टीमही फावल्या वेळात काम करणाऱ्या स्वयंसेवकांची. एकेक अर्ज ते वाचतात, आधीच्या आणि नंतरच्या फायलीतला फरक ओळीओळीने बघतात. एका चुकीच्या प्रश्नाची दुरुस्ती? एक ओळ. तो म्हणाला, ‘एक ओळ वाचायला कुणाला आवडणार नाही?’

बरं, रिलीजनंतरही रस्ता होता. निघालेल्या आवृत्तीच्या दुरुस्त्या साधारण दर दोन महिन्यांनी एकत्र सोडतात. तिथेही विचारता आलं असतं. दीड वर्षात कितीदा!

मी बारीक आवाजात म्हटलं, ‘पण तुमच्याकडे प्रत्येक जण हेच म्हणत येत असेल ना, माझी एकच ओळ आहे म्हणून?’

‘येतात,’ तो म्हणाला. ‘म्हणून तर दार लोटतो. उघडं ठेवलं तर कुणी विचारतच नाही, सगळे नुसते घुसतात.’

टी-शर्ट घेतला. सुटे पैसे मागायचं भान राहिलं नाही.

८.१२ची लोकल

दुपारभर मी याच एका गोष्टीचा पिच्छा पुरवला. कॉफीच्या रांगेत, जिन्यावर, जो भेटेल त्याला विचारत सुटले. बहुतेक जण ट्रेनची उपमा द्यायचे. ‘रिलीज ट्रेन’ असाच शब्द आहे. ट्रेन ठरल्या वेळी सुटणार. तुमचं फीचर तयार असेल तर चढा, नसेल तर पुढची. मला मात्र डोंबिवलीची मावशी आठवत होती. तिची ८.१२ सुटली तर ती जीव काढून पळत नाही, कारण पुढची आहे. पण पुढची गाडी तीन वर्षांनी आहे असं सांगा बरं! मावशीसुद्धा दांडीला लटकेल, आणि तिच्यामागे अख्खं डोंबिवली.

हे नुसतं कल्पनेतलं नाही, घडलंय. लिनक्सच्या कर्नेलची २.४ ही आवृत्ती जानेवारी २००१ची आणि पुढची स्थिर २.६ आली थेट डिसेंबर २००३मध्ये. डेबियनची ‘वुडी’ जुलै २००२ची आणि ‘सार्ज’ जून २००५ची. एवढ्या लांबच्या गाडीत जो तो आपलं गाठोडं कोंबणारच. फ्रीझ जाहीर झालं की ‘माझं तेवढं घ्या’. घेतलं की नवे बग. बग आले की उशीर. उशीर झाला की अजून गाठोडी. मार्टिन मिशेलमायर हा एकेकाळचा डेबियनचा प्रोजेक्ट लीडर. त्याने पुढे केंब्रिजमध्ये याच विषयावर पीएचडी केली, २००७मध्ये. ऐच्छिक काम करणाऱ्यांचं रिलीज कसं सांभाळायचं, हा विषय! ग्नोम, कर्नेल, डेबियन असे प्रकल्प त्याने तपासले. त्याचं म्हणणं, तारीख पक्की असली की माणसं आपापलं काम तिच्याभोवती लावतात, एकमेकांना सतत विचारत बसावं लागत नाही.

अर्थात तारीख म्हटली की चुकणारच. २००९च्या जुलैमध्ये डेबियननेही जाहीर केलं की आता दर दोन वर्षांनी ठरलेल्या वेळी गोठवू, पहिलं डिसेंबरातच. आपल्याच लोकांनी इतका गलका केला की ते मागे घ्यावं लागलं. प्रत्यक्षात फ्रीझ लागलं ऑगस्ट २०१०मध्ये आणि ती आवृत्ती, ‘स्क्वीझ’, निघाली ६ फेब्रुवारी २०११ला. तो फॉसडेमचाच रविवार होता! ग्नोमची ३.० तर दोनदा पुढे ढकलली गेली आणि एप्रिल २०११मध्ये आली. पण आज कॅलेंडर बघितलं तर मार्च आणि सप्टेंबर, मार्च आणि सप्टेंबर... पंचांग बरं!

आणि ग्नोमवाल्यांकडे मला माझ्या त्या रात्रीचं उत्तर मिळालं. त्यांच्याकडे एक वेगळंच फ्रीझ असतं. स्ट्रिंग फ्रीझ. ठरावीक तारखेनंतर इंग्रजी वाक्याला कुणी हात लावायचा नाही. स्वल्पविरामालाही नाही! लावायचाच असेल तर भाषांतराच्या समन्वयकांची परवानगी काढायची. म्हणजे प्रोग्रॅमरने भाषांतरवाल्यांना विचारायचं. उलटी गंगा! कारण साधं आहे. एक इंग्रजी वाक्य बदललं की मराठी, मल्याळम, बास्क, व्हिएतनामी, सगळीकडे कुणीतरी रात्री एक वाजता जागं बसणार. त्या माणसाला चार शांत आठवडे मिळावेत म्हणून हे कुंपण. माझ्या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरला असं कुंपणच नव्हतं. मी दीड वर्ष फ्रीझच्या नावाने खडे फोडत होते, आणि पोरांची बैलगाडी गेली होती ती फ्रीझ नव्हतं म्हणून.

शिक्के एका फटक्यात मी काढले होते, ते वेगळंच. ते मी त्या बाईंना सांगितलंही. त्या फक्त म्हणाल्या, ‘सगळ्यांनी एकदा काढलेले असतात.’

रविवारचा आकडा

रविवारी गर्दी जरा ओसरते. सकाळी युएलबीला जायच्या आधी फ्लाजेला उतरून ईक्सेलच्या तळ्यांना फेरी मारली. जुन्या नक्षीदार घरांच्या रांगा, पाण्यावर बदकं, काठाला धावणारी माणसं. फॉसडेमवाल्या कुणालाही ही तळी बघायला वेळ नसतो, तुम्ही काढा.

कॅम्पसवर त्या दिवशी सगळ्यांचं एक लक्ष ओरेगनमधल्या पोर्टलंडकडे होतं. लिनस टोरवाल्ड्स तिथे राहतो. २००५च्या सुमारास कर्नेलवाल्यांनी तीन-तीन वर्षांची गाडी सोडून दिली आणि नवीन पद्धत आणली. दोन आठवडे दार उघडं, त्यात काय घ्यायचं ते घ्या. मग एका रविवारी आरसी-१ जाहीर, म्हणजे दार बंद. पुढे दर रविवारी एक आरसी, फक्त दुरुस्त्यांची, साधारण सातव्यापर्यंत. मग पक्कं रिलीज आणि पुन्हा दार उघडं. नऊ-दहा आठवड्यांचं चक्र, वर्षानुवर्षं. जानेवारी २०२४मध्ये पोर्टलंडला हिमवादळ आलं, लिनसच्या घरची वीज ऐन दार उघडं असताना गेली आणि काही दिवस आलीच नाही. तरी आरसी-१ ठरल्या रविवारीच आलं.

आणि २ फेब्रुवारी २०२५, फॉसडेमचा दुसरा दिवस, हा ६.१४ या कर्नेलच्या आरसी-१चा रविवार होता. इकडे ब्रसेल्समध्ये स्वयंसेवक खुर्च्या रचत होते, केबल्स गुंडाळत होते, कचऱ्याच्या पिशव्या बांधत होते. तिकडे दार लागलं. (त्याच ६.१४चं पक्कं रिलीज मार्चमध्ये एक दिवस चुकलं, रविवारचा सोमवार झाला. वादळ नाही, वीज गेली नाही. लिनसने सरळ लिहून टाकलं की बहाणा काहीच नाही, दुसऱ्या कामात होतो, विसरलो. मला हा माणूस एकदम आवडला.)

संध्याकाळी ७१च्या थांब्यावर उभी होते. बोटं पुन्हा गोठलेली, फ्रितच्या गाड्या बंद. थांब्याचं नाव दोन्ही भाषांत बघून घेतलं. दोन्ही ओळी जुळत होत्या.

पुण्यात आल्यावर पहिली गोष्ट केली. त्या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरवाल्यांना पत्र लिहिलं की रिलीजच्या आधी दोन आठवडे वाक्यं गोठवता का? ते तिघंच जण आहेत. त्यांचं उत्तर तासाभरात आलं. म्हणाले, चालेल, कुणी विचारलंच नव्हतं.

डेबियनची पुढची आवृत्ती, ‘ट्रिक्सी’, तिचं पहिलं दार १५ मार्चला लोटलं गेलं, हार्ड फ्रीझ १५ मेला लागलं आणि ९ ऑगस्ट २०२५ला ती निघाली. माझी दुरुस्ती त्यात होतीच, कारण मूळ सॉफ्टवेअरमध्ये ती कधीच गेली होती. तरी मी आधी स्वतः टाकून बघितलं. चित्र काढलं (बैलगाडी नाही जमत, आंबा काढला), खिडकी बंद केली. ‘बदल टाकून द्यायचे?’ व्वा!

त्याच रात्री सरांना फोन केला.

‘सर, नवीन आलंय. कधी टाकायचं?’

‘दिवाळीच्या सुट्टीत बघू, मॅडम. आता सहामाही होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही, असं ठरवलंय मी.’

मी म्हटलं, ‘बरोबर आहे, सर. आणि त्या चिठ्ठ्या काढून टाका हं तेव्हा.’

‘का? नवीन प्रश्न काय आहे?’

‘बदल टाकून द्यायचे?’

सरांनी जरा विचार केला. ‘मग उत्तर ‘नाही’च ना? राहू देत की चिठ्ठ्या.’